यंत्र घ्यायचं की पिशव्यांसाठी पैसे राखायचे?

जत तालुक्यातल्या एका शिक्षिकाताईंचं पत्र आहे. वडील ६४ वर्षांचे, एसटीतून निवृत्त झालेले, दोन्ही मूत्रपिंडं निकामी. आठवड्यातून तीनदा सांगलीला डायलिसिस. ते योजनेतून मोफत होतं, पण जवळच्या केंद्रात जागा रिकामी नसल्याने दर खेपेला २,२०० रुपयांची गाडी करावी लागते. डॉक्टरांनी पोटातून होणारं डायलिसिस, म्हणजे पीडी, सुचवलं. त्यात पिशवीतलं औषधी पाणी नळीने पोटात सोडतात आणि काही तासांनी काढून नवं भरतात. दहा दिवसांपूर्वी पोटात त्यासाठीची नळी, म्हणजे कॅथेटर, बसवला, पुढच्या आठवड्यात प्रशिक्षण आहे. इतक्यात एका विक्रेत्याने रात्री आपोआप हे पाणी बदलणारं सायकलर यंत्र २ लाख १० हजारांना देऊ केलं आणि किंमत महिनाअखेरपर्यंतच, असं बजावलं. ताईंचा प्रश्न असा: बाबांची ७ लाखांची ठेव मोडून यंत्र घेऊ का? ते सोबत नेता येईल, म्हणजे बाबांना पुण्याला बहिणीकडेही राहता येईल.

ताई, आत्ता यंत्र घेऊ नका. पीडीचा निर्णय मात्र पैशाच्या बाजूनेही मला पटतो.

सध्याचं डायलिसिस मोफत आहे असं तुम्ही लिहिलंय, पण महिन्याच्या १३ खेपांचे २८,६०० रुपये गाडीलाच जातात. त्या १३ दिवशी भाऊ बाबांसोबत असतो, म्हणून गोठ्यावर ४०० रुपये रोजाने गडी लागतो. ते ५,२०० धरले की मोफत उपचार ३३,८०० रुपयांना पडतो. हाताने करायच्या पीडीसाठी तुम्हाला मिळालेला दर आहे रोज ३ पिशव्या, महिन्याच्या ९० पिशव्यांचे २७,०००, वर नळीच्या टोप्या, मास्क वगैरे दीड हजार. तपासणीची महिन्याची एक खेप धरून ३०,७००. औषधं आणि इंजेक्शनं दोन्हीकडे सारखीच, ती बाबांच्या पेन्शनमधून चालली आहेत, म्हणून धरली नाहीत.

तुमचे १५,०००, भावाचे १०,००० आणि ठेवीचं सव्वासात टक्क्यांनी येणारं ४,२०० व्याज, एवढ्यावर घर आज गाडीचा खर्च पेलतंय. त्यात गड्याचे वाचलेले ५,२०० मिळवले तर पीडी भागून साडेतीन हजारांवर उरतात. त्यातले दीड-दोन हजार बाबांच्या खाण्यासाठी बाजूला काढा. पीडीत रोज पोटातल्या पाण्यावाटे प्रथिनं निघून जातात, ती अंडी, पनीर, डाळ यांतून भरून काढावी लागतात. किती द्यायचं ते आहारतज्ज्ञांना विचारा.

आता यंत्र. त्याच्यासोबत महिन्याच्या सामानाचा दर ४१,००० आहे, कारण मोठ्या पिशव्यांखेरीज नळ्यांचा संच रोज नवा लागतो. ही १२,५०० रुपयांची महिन्याची वाढ मला २ लाख १० हजारांपेक्षा जास्त घाबरवते. ठेव ४ लाख ९० हजारांवर येते, व्याज त्या प्रमाणात घटतं आणि बाबांच्या खाण्याचे पैसे न धरताही दरमहा दहा हजारांची तूट पडते. पिशव्यांचे भाव अजिबात वाढले नाहीत असं धरलं, तरी साडेतीन वर्षांत ठेव संपते.

आणि ठेव लागणार आहे, यंत्र नसलं तरी. बाबांना अजून थोडी लघवी होते असं तुम्ही लिहिलंय, म्हणून ३ पिशव्यांवर भागतंय. ती पुढे कमी होत गेली की डॉक्टर चौथी पिशवी सांगतील. महिन्याला ३० पिशव्या, ९,००० रुपये. तेव्हा खाण्याचे पैसे धरून दरमहा सात हजारांच्या आसपास तूट येईल आणि पूर्ण ठेव शाबूत असेल तर ती सहा वर्षांच्या आसपास भरून काढेल. ७ लाख मला याच कामासाठी राखून हवे आहेत.

दुसरं कारण वैद्यकीय आहे, पण पैशावर थेट परिणाम करतं. पीडी सुरू झाल्यावर साधारण महिना-दोन महिन्यांनी पीईटी नावाची तपासणी करतात. पोटाच्या आतल्या पडद्यातून साखर आणि टाकाऊ द्रव्यं किती वेगाने आरपार जातात ते तीत कळतं. वेग फार असेल तर पिशवीतली साखर लवकर शोषली जाते आणि पाणी जास्त वेळ पोटात राहिलं की अंगातलं पाणी नीट ओढलं जात नाही. अशा रुग्णाला रात्री थोड्या थोड्या वेळाने पाणी बदलणारं यंत्र खरोखर उपयोगी पडतं. वेग मध्यम असेल तर चार ते सहा तासांच्या हाताच्या अदलाबदलीवर सहसा भागतं. ज्या तपासणीवर यंत्राची गरज ठरायची ती व्हायच्या आधी दोन लाख गुंतवायला विक्रेता सांगतोय. महिनाअखेर जाऊ द्या.

सोबत नेण्याबद्दल म्हणाल तर हाताची पद्धतच जास्त सुटसुटीत आहे. यंत्र सुटकेसएवढं आणि त्याला रात्रभर वीज लागते. तुमच्याकडे रात्री भारनियमन असतं, हे तुम्हीच लिहिलंय. हाताच्या पद्धतीत दोन लिटरची पिशवी खिडकीच्या गजाला अडकवली, रिकामी पिशवी खाली ठेवली की पाणी आपल्या वजनानेच उतरतं. पुण्याला चार दिवस जायचं तर १२ पिशव्या डिकीत मावतात. भावाने पाठवलेल्या व्हिडिओतलं अंगावर बाळगायचं यंत्र बहुधा सिंगापूरचं अवाक असावं. वापरलेलं पाणी गाळून पुन्हा वापरायची त्याची कल्पना फार मोलाची आहे, पण आजचा हिशेब त्याच्या भरवशावर करू नका.

ठेवीला हात न लावता एक खर्च मात्र लगेच करा, असं मी आग्रहाने सांगेन. पीडीत सर्वांत महाग पडतो तो जंतुसंसर्ग. एकदा पोटात संसर्ग झाला की प्रतिजैविकं, कधी दवाखान्यात भरती, कधी कॅथेटर काढून पुन्हा सांगलीच्या फेऱ्या. म्हणून बाबांसाठी एक कोपरा नीट करून घ्या. कोपराने उघडता येईल असा नळ, पुसता येईल असं टेबल, भिंतीत पक्का हूक, चांगला दिवा, पिशवी तोलायचा काटा, रक्तदाबाचं यंत्र. अदलाबदल करताना दार बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क, साबणाने हात धुऊन पूर्ण कोरडे करायचे. आधी पोटातलं पाणी काढायचं, मग नव्या पिशवीतलं थोडं पाणी नळीतून वाहू द्यायचं आणि मगच पोटात सोडायचं. निघालेली पिशवी छापील कागदावर ठेवून पाहा. अक्षरं स्पष्ट वाचता आली तर ठीक, गढूळ दिसली तर ती पिशवी घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे. भाऊ गोठ्यातून आला की आंघोळ आणि कपडे बदलल्याशिवाय त्याने नळीला हात लावायचा नाही. प्रशिक्षणाला बाबांसोबत तुम्ही दोघंही बसा.

साठ्यालाही जागा लागते. ९० पिशव्या म्हणजे १८० लिटर, तितकेच किलो. खोके ओल, ऊन आणि उंदरांपासून दूर, पलंगासारख्या उंचीवर ठेवा. या सगळ्याला ३० हजारांच्या आत खर्च यावा आणि तो तुमच्या बचत खात्यातल्या ५५ हजारांतून होईल. सवलत मिळते म्हणून सहा महिन्यांच्या पिशव्या एकदम भरू नका. डॉक्टर मधेच ताकद बदलतात, दीड टक्क्याऐवजी अडीच टक्के साखरेची पिशवी देतात, आणि आधीचा माल पडून राहतो.

तुमच्या पत्रातली आणखी एक गोष्ट मला खटकली. सातही लाख एकाच सहकारी बँकेत आणि एकाच पावतीवर आहेत. ठेव विम्याचं संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासह ५ लाखांपर्यंतच असतं. मुदत मार्चमध्ये संपतेय, तेव्हा ३ लाख दुसऱ्या बँकेत न्या, उरलेल्याच्या एकेक लाखाच्या पावत्या करा. म्हणजे संसर्गाच्या वेळी एक पावती मोडली तरी बाकीच्यांचं व्याज चालू राहील. मार्चआधीच गरज पडली तर ठेव न मोडता तिच्यावर कर्ज काढा. नावं बाबा आणि तुम्ही, ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ अशी लावून घ्या. बाबा भरती असताना सहीसाठी अडायला नको.

आयकरात आजारपणाच्या खर्चासाठी ८०डीडीबी कलमाची एक लाखाची वजावट मिळते म्हणून यंत्र घ्या, असंही तुम्हाला कुणी सांगितलंय. ती वजावट जुन्या करप्रणालीत आहे. तुमचा पगार महिना ४६ हजार, नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर तुम्हाला कर बसतच नाही. वाचवायला करच नाही. पीपीएफलाही आत्ता हात लावू नका. खातं २०१६ चं आहे, त्यातून अंशतः रक्कम काढता येते, ती दुसरी फळी म्हणून राहू द्या.

योजनेचं कार्ड आणि सांगलीतली नोंद बंद करू नका, कधी परत जावं लागलं तर ती जागा हवी. राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाखाली पीडीसाठीही २०१९ मध्ये केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात अर्ज देऊन पिशव्या मिळतील का ते लेखी विचारा, आणि जनआरोग्य योजनेबद्दल आरोग्यमित्रालाही. निम्म्या पिशव्या जरी मिळाल्या तरी वरचा सगळा हिशेब तुमच्या बाजूने झुकेल.

पीईटीत वेग फार आहे असं निघालं आणि डॉक्टरांनी यंत्र लिहून दिलं, तर आधी भाड्याने मिळतं का ते दोन ठिकाणी विचारा आणि दर घेऊन मला पुन्हा लिहा. तेव्हा पीपीएफ आणि ठेव दोन्ही धरून नवा हिशेब मांडू.