‘विलंब क्षमापित होणेस विनंती’: माफी नक्की कशाची?

कोल्हापुरातून एका वाचकाचा प्रश्न आला आहे. त्यांच्या पाहुण्यांच्या फौजदारी अपिलाच्या कागदांत ‘अपील दाखल करणेस झालेला विलंब क्षमापित होणेस विनंती’ असं लिहिलंय. ही शिक्षेची माफी की मुदतवाढ?

दोन्ही नाही. इथे माफी फक्त उशिराची आहे. गुन्हा आणि शिक्षा दोन्ही जागच्या जागी राहतात. मुदत टळली असली तरी आमचं अपील ऐकून घ्या, एवढंच मागणं. शिक्षामाफी किंवा दयेचा अर्ज सरकारकडे, राज्यपालांकडे वा राष्ट्रपतींकडे जातो. ‘मुदतवाढ’ही चुकीचं, कारण कायद्याने घातलेली मुदत न्यायालय वाढवत नाही. मुदत कायदा 1963 च्या कलम 5 खाली ते उशीर माफ करतं, तेही ‘पुरेसं कारण’ पटलं तरच. ‘क्षमापित’ हा बोजड सरकारी शब्द आहे. वकील बोलताना ‘विलंब माफी’ म्हणतात, तोच लिहावा.

मॅजिस्ट्रेटने शिक्षा दिली तर सत्र न्यायालयात, म्हणजे कसबा बावड्याला, 30 दिवसांत अपील. सत्र न्यायालयाने दिली तर उच्च न्यायालयात 60 दिवस, फाशी असेल तर 30. उच्च न्यायालयासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, कोल्हापुरातच बसतं.

खरी गफलत दिवस मोजताना होते. समजा मॅजिस्ट्रेटचा निकाल 1 मार्चला लागला. तो दिवस धरायचा नाही, म्हणून 30 दिवस 31 मार्चला भरतात. निकालाच्या नकलेचा (प्रमाणित प्रतीचा) अर्ज 5 मार्चला दिला आणि नक्कल 12 मार्चला तयार झाली, तर नक्कल तयार व्हायला लागलेले हे 8 दिवस वजा होऊन शेवटची तारीख 8 एप्रिल. अपील 20 एप्रिलला दिलं तर विलंब 12 दिवसांचा. अर्जात हाच आकडा हवा. ‘थोडा विलंब’ असं मोघम लिहिलं की पहिली हरकत तिथेच निघते. नक्कल तयार झाल्यावर ती उचलायला तुम्ही लावलेले दिवस मात्र वजा होत नाहीत. अर्जाची, तयार झाल्याची आणि दिल्याची अशा तिन्ही तारखा नकलेवरच्या शिक्क्यात असतात, त्या आधी पाहा.

कारणही तारखांसह द्यावं. ‘आजारी होतो’ एवढ्याने भागत नाही. दवाखान्याचे कागद 8 एप्रिलपर्यंतचेच असतील तर पुढच्या 12 दिवसांचं काय, असं न्यायालय विचारणारच. सोबत शपथपत्र लागतं. अर्ज अपिलाबरोबरच द्यावा. विलंब माफ होईपर्यंत अपील मुदतबाह्यच असतं, आणि त्यामुळे शिक्षा स्थगितीचा अर्जही सहसा पुढे सरकत नाही. ‘स्थगिती’ म्हणजेही माफी नव्हे: अपिलाचा निकाल लागेपर्यंत शिक्षेची अंमलबजावणी थांबते, इतकंच.

माणूस कळंब्याच्या कारागृहात असेल तर तो तिथल्या अधीक्षकांमार्फतही अपील पाठवू शकतो. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो.