सेन्सर आत, बॅटरी बाहेर

प्रश्न : मनगटी पट्टा थ्रीडी प्रिंट करताना मध्येच सेन्सर ठेवून वरून छपाई चालू केली, तर २२० अंशांच्या नोझलने (वितळलेलं प्लास्टिक सोडणाऱ्या तोंडाने) तो जळणार नाही का?

उत्तर : सहसा नाही. पडणारा थर जेमतेम ०.२ मिमीचा, तो लगेच निवतो. आणि सोल्डरिंगच्या वेळी चिपने त्याहून जास्त ताप सोसलेला असतो. खरी भीती टकरीची. सेन्सर खाचेच्या काठावर जरासा जरी डोकावला, तरी नोझल त्याला धडकतं आणि पुढचे सगळे थर सरकतात. (असे दोन पट्टे माझ्या टेबलावर आहेत, कागद दाबायला बरे पडतात.) खाच चारही बाजूंनी ०.२ ते ०.३ मिमी सैल ठेवा. बॅटरी मात्र कधीच आत गाडू नका. लिथियम पॉलिमर सेलला ६० अंशांपुढची उष्णता सोसत नाही, आणि उद्या तो फुगला तर काढणार कुठून?

प्रश्न : मग कार्बनवाल्या फिलामेंटने (प्रिंटरमध्ये घालायच्या प्लास्टिकच्या दोऱ्याने) वायरही छापता येतील?

उत्तर : रेघा छापता येतील, पण त्यांच्याकडून वायरीचं काम होणार नाही. त्यांचा रोध तांब्याच्या लाखो पट असतो. स्पर्श ओळखायला त्या चालतात. वीज न्यायला खाचेत बारीक तांब्याची तारच दाबा.

प्रश्न : बोटाचा वाक मोजायला कार्बनमिश्रित टीपीयूची (रबरासारख्या लवचीक प्लास्टिकची) पट्टी छापली. आता बोट सरळ केलं तरी आकडा मूळ जागी येत नाही. पट्टी बिघडली का?

उत्तर : नाही, तिचा स्वभावच तो. ताण पडला की कार्बनचे कण एकमेकांपासून दुरावतात, विजेच्या वाटा तुटतात, रोध वाढतो. ताण सोडल्यावर टीपीयू सावकाश आकसतं आणि तुटलेल्या सगळ्याच वाटा पुन्हा जुळत नाहीत. त्यामुळे एकाच कोनाला वाकवताना एक आकडा येतो, सरळ करताना दुसरा. वापरण्याआधी पट्टी शे-दोनशे वेळा वाकवून घ्या, सुरुवातीची घसरण बरीच कमी होते. छपाईच्या रेघा पट्टीच्या लांबीला धरून ठेवा, आडव्या रेघांचे सांधे आधी उघडतात. शिवाय दर वेळी घालताना शून्य नव्याने लावायची सोय प्रोग्रॅममध्ये हवीच. एवढं करूनही ही पट्टी ‘बोट वाकलं का, किती वेळा वाकलं’ एवढंच भरवशाने सांगेल. नेमका कोन हवा असेल तर आयएमयू (हालचाल आणि कल मोजणारी चिप) वापरा.

प्रश्न : रेझिनची (प्रकाशाने घट्ट होणाऱ्या द्रवाची) छापलेली अंगठी थेट बोटात घालावी का?

उत्तर : घरच्या छपाईची तरी नको. नीट क्युअर न झालेल्या, म्हणजे प्रकाशाखाली पुरतं घट्ट न झालेल्या रेझिनने ॲलर्जी होऊ शकते आणि ती एकदा जडली की सहसा सुटत नाही. बाटलीवर ‘बायोकम्पॅटिबल’ (शरीराला चालणारं) लिहिलेलं असलं, तरी ते कंपनीने सांगितल्याबरहुकूम धुणं आणि क्युअरिंग केलं तरच खरं.