एल-३९ वर नव्याने बसताय? आधी थ्रॉटल समजून घ्या

एल-३९ अल्बाट्रॉस या जेट प्रशिक्षण विमानाचं एआय-२५टीएल इंजिन आयडलवरून (सर्वात कमी फिरण्यावरून) पूर्ण जोरावर यायला ९ ते १२ सेकंद घेतं. फायनलवर (धावपट्टीसमोर उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात) उंची जास्त वाटली म्हणून थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा, पार मागे ओढलात आणि विमान बुडायला लागलं, तर ताकद येईपर्यंत उंची उरत नाही. म्हणून अप्रोचला (उतरायला येताना) इंजिन चांगलं फिरतं ठेवा, थ्रॉटल थोडं थोडंच हलवा, गो-अराउंडचा (न उतरता पुन्हा वर जाण्याचा) निर्णय लवकर घ्या. पंखाखाली शस्त्रं लावलेल्या जड एल-३९झेडएला तर हे जास्तच लागू.

टॅक्सीत (जमिनीवर विमान चालवताना) पुढचं चाक मोकळं फिरतं. स्टिकवरचा ब्रेक दाबून ज्या बाजूचं पेडल द्याल, तिकडे वळाल. थांबण्याआधी थोडं सरळ जा. चाक तिरकं राहिलं तर निघताना जादा जोर लागतो आणि इंजिनाचा झोत मागच्यांवर जातो.