डोंगरातला जुना दगडी गोठा आम्ही दोघंच राहण्याजोगा करणार आहोत. आधी भिंतींच्या दरजा (दगडांमधले सांधे) सिमेंटने भरून घ्याव्यात का?

तुम्ही दिलेली माहिती अशी: उताराला टेकून असलेला ६ बाय १० मीटरचा गोठा, खाली जनावरांची जागा, वर गवताचा माळा. ६० सेंटीमीटर जाडीच्या, मातीत रचलेल्या दगडी भिंती. लाकडी कैच्यांवर (छपराच्या त्रिकोणी सांगाड्यांवर) दगडी पाट्यांचं छप्पर. हिवाळ्यात बर्फ. काम करणार तुम्ही दोघं नवरा-बायको, तेही बहुतेक सुट्ट्यांत.

सिमेंट नको, आणि आधी दरजाही नकोत. आधी पाणी.

गोठा इतकी वर्षं उभा राहिला तो हवेशीर होता म्हणून. भिंतीत चढलेली ओल दरजांतून आणि झरोक्यांतून वाळून जायची. आता तुम्ही खिडक्या बसवणार, आत चूल किंवा हीटर लावणार, अंघोळी करणार. म्हणजे ओल वाढणार आणि तिच्या वाटा बंद होणार. म्हणून प्रत्येक कामाआधी एकच विचारा: भिंतीत शिरलेलं पाणी बाहेर कुठून पडेल? सिमेंटच्या दरजेला केसासारख्या चिरा पडतातच. त्यांतून पाणी आत जातं, पण सिमेंटमधून परत वाळत नाही. आतली माती भिजून खाली बसते आणि भिंत पोकळ होते. थंडीत तेच पाणी गोठून दगडाचे पापुद्रे काढतं. वरून दरजा मात्र ठणठणीत दिसतात, म्हणून लोक फसतात.

पाण्याची सुरुवात चढाकडच्या भिंतीपासून करा. तिथे वर्षानुवर्षं घसरून आलेली माती बहुतेक आतल्या जमिनीपेक्षा वर चढलेली असते. ती काढण्याआधी भिंतीच्या मध्यावर (कोपऱ्यात नव्हे) ४० बाय ४० सेंटीमीटरचा खड्डा घेऊन पाया किती खोल आहे ते बघा. अशा गोठ्यांचा पाया कित्येकदा २०-४० सेंटीमीटरच असतो, किंवा भिंत थेट कातळावर उभी असते. माती दीड-दोन मीटरच्या तुकड्यांत काढा, अख्खी भिंत एकदम उघडी पाडू नका. बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा १५-२० सेंटीमीटर खाली आली आणि तिला भिंतीपासून दूर, मीटरला ५ सेंटीमीटर उतार मिळाला की निम्मं काम झालं.

मग चर. भिंतीपासून किमान १ मीटर दूर. पायाच्या तळापासून ४५ अंशात खाली उतरणारी रेघ मनात धरा. चराचा तळ त्या रेघेच्या खाली जाता कामा नये, नाहीतर पायाखालची माती चरात सरकते. चरात आधी जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं), त्यावर २०-४० मिलिमीटरची धुतलेली खडी, तिच्यात १०० मिलिमीटरचा भोकांचा पाइप, मीटरला १ सेंटीमीटर उतार, वर पुन्हा खडी, आणि कापड वरून घडी घालून मिटायचं. कापड थेट पाइपाला गुंडाळू नका, गाळाने तुंबतं. पाइपाचं तोंड उतारावर उघड्यावर निघालंच पाहिजे. छपराचं पाणी या चरात सोडू नका, त्याचा पाइप वेगळा. बर्फ घसरतो तिथे पन्हळ टिकत नाही. तिथे वळचणीखाली दगडी फरसबंदीचा पट्टा बाहेरच्या उताराने करणं जास्त भरवशाचं.

खालच्या मजल्यात डोक्याला छत लागतं म्हणून जमीन खोदून उंची मिळवायचा मोह प्रत्येकाला होतो. हात आवरा. भिंतीलगत पायाच्या तळापर्यंत खणलं की एवढ्या भिंतीला धरून ठेवणारं काही उरत नाही. तिचं वजन चौरस मीटरला सव्वा टनाच्या आसपास असतं. अगदीच गरज असेल तर भिंतीलगतचा मातीचा कट्टा तसाच ठेवून खोली मध्यभागी खोल करा. पायाखालून नवा पाया घालायचा तर तो मीटर-मीटरच्या तुकड्यांत, शेजारचे दोन तुकडे एकामागून एक न घेता (१, ३, ५, मग २, ४) घालतात. पण तो सुट्टीत हौसेने करायचा उद्योग नाही.

आता भिंत वाचायला शिका. अशी भिंत म्हणजे खरं तर दोन पदर आणि मधे चिपा-मातीची भर. दोन्ही पदरांना शिवणारे आरपार दगड कमी असले की पदर सुटे होतात आणि भिंतीला पोट सुटतं. हातोडीने टिचक्या मारत चला. भरीव जागी आवाज टणक येतो, पोकळ जागी बद्द. ओळंबा सोडून दर अर्ध्या मीटरला भिंतीपासूनचं अंतर लिहून ठेवा. दोन लांब भिंतींमधलं अंतर चार ठिकाणी मोजा: कोपऱ्यांजवळ, मधोमध, खाली आणि वळचणीच्या उंचीवर. मधोमध वर ते सगळ्यात जास्त भरलं, तर छप्पर भिंतींना बाहेर ढकलतंय. चिरांवर प्लास्टर ऑफ पॅरिसचा पातळ पट्टा मारा आणि त्यावर तारीख लिहा. पट्टा फुटला तर चीर जिवंत आहे. निदान एक हिवाळा जाऊ द्या, मग ठरवा.

आरपार दगड नसण्याचा परिणाम किल्लारीला दिसला. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती पदर सुटून कोसळल्या, आणि वरचं जड माळवद माणसांवर आलं. उभ्या भिंतीत नंतरही आरपार बांध घालता येतात. आडवं १ मीटर आणि उभं ५० सेंटीमीटर अंतर, ओळी आलटून-पालटून. ठरवलेल्या जागी दगडाभोवतीची माती कोरा. दगड छोट्या पहारीने डावी-उजवीकडे, वर-खाली हलवत सुटा करून ओढून काढा. घणाचे घाव घालू नका. आतली भर हाताने काढत पलीकडच्या पदरापर्यंत पोहोचा आणि पलीकडचाही एक दगड काढा. मधे ७-८ सेंटीमीटरचं भोक पुरतं, दोन्ही तोंडं मात्र रुंद हवीत, म्हणजे आकार डमरूसारखा. अर्ध्यापर्यंत १:२:४ चं (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट, त्यावर दोन्ही टोकांना आकडे केलेली ८ मिलिमीटरची सळई, मग उरलेलं काँक्रीट. दहा दिवस पाणी. भिंतीत सिमेंट मला पटतं ते एवढ्याच जागी. एका दिवशी शेजारशेजारची भोकं पाडू नका.

पोकळ्या भरायला चुन्याची पातळ रबडी (ग्राउट) खालच्या भोकातून ओततात, पण एका वेळी ३०-४० सेंटीमीटर उंचीपर्यंतच. ओल्या रबडीचा दाबच सुटलेला पदर ढकलून पाडू शकतो. खूप पोट सुटलेला भाग टेकू देऊन, दगडांना खडूने नंबर घालून, फोटो काढून उतरवायचा आणि पुन्हा रचायचा. त्याला रबडी हा इलाज नाही.

छपरात सगळ्यात आधी कैचीची आडवी तुळई शोधा. माळ्यावर डोकं आपटतं म्हणून ती कधीतरी कापलेली असण्याची शक्यता बरीच असते, आणि भिंती बाहेर झुकण्याचं कारण कित्येकदा तेच असतं. तिच्या जागी २० मिलिमीटरची पोलादी सळई, मधे टर्नबकल (फिरवून सळईला ताण द्यायचा जोड), भिंतीबाहेर जाड पट्ट्या. टर्नबकल हाताला ताण लागेल एवढंच आवळा. भिंत ओढून सरळ करायला जाल तर फोडाल. तुळयांची भिंतीतली टोकं टोच्याने तपासा. टोचा सहज २ सेंटीमीटर आत गेला तर लाकूड गेलेलं आहे. लाकडातला ओलावा २० टक्क्यांखाली असेल तर बुरशी वाढत नाही, म्हणून ओलावा मोजायचं साधं यंत्र घेऊनच टाका. कुजलेल्या टोकाला जोड द्यायचा तर जोडाची लांबी तुळईच्या उंचीच्या तिप्पट तरी हवी. त्याहून सोपं म्हणजे चांगल्या लाकडाखाली दगडी बैठकीवर खांब. नवं टोक भिंतीत बसवताना बाजूंनी आणि मागून २-३ सेंटीमीटर हवा खेळू द्या. चुन्यात चेपून बसवलेलं टोक परत कुजतं.

वजनाचा हिशेब एकदा कागदावर मांडा. जाड दगडी पाट्या चौरस मीटरला १५० किलो आणि वरही जातात. दबलेला मीटरभर बर्फ २०० ते ३०० किलो, म्हणजे तुमच्या ६० चौरस मीटरवर १२ ते १८ टन. पाट्या काढून पत्रा घालायचा विचार असेल तर भार कमी होईल खरा, पण वाऱ्याने छप्पर उचललं जाऊ नये म्हणून भिंतीत आता खोल अँकर लागतील. आधी कोणीतरी घातलेला सिमेंटचा जुना पत्रा असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. तो कापू नका, भोक पाडू नका, फोडू नका. परवानाधारक माणसाकडून उतरवून घ्या.

पाणी वळलं, छप्पर धरलं, की मग दरजा. उघड्या डोंगराळ बाजूला पाण्यात पकडणारा (घट्ट होणारा) नैसर्गिक चुना, एनएचएल ३.५, आडोशाला एनएचएल २ पुरे. मापाने १ भाग चुना, अडीच भाग धुतलेली खरखरीत वाळू, ० ते ४ मिलिमीटर. गोल दाण्याची बारीक वाळू घेतलीत तर तडे ठरलेले. कोरडं कालवा, मग पाणी थोडं थोडं. मुठीत दाबल्यावर गोळा टिकला आणि तळहात ओला झाला नाही की पाणी बरोबर. दरज तिच्या रुंदीच्या दुप्पट, निदान अडीच सेंटीमीटर खोल कोरा, ब्रशने झाडा आणि हातपंपाने फवारा. प्रेशरचं पाणी मारलंत तर आतली माती धुऊन बाहेर येईल. खोल दरजा एका दमात भरू नका. अडीच सेंटीमीटरचा थर, दुसऱ्या दिवशी पुढचा. रुंद सांध्यात दगडी चिपा ठोकून बसवा, नुसता चुना आकसून सुटतो. अंगठा दाबून खूण उमटत नाही पण नखाने ओरखडा येतो, त्या वेळी ताठ ब्रशने ठोकत पृष्ठभाग खरखरीत करा. थापीने गुळगुळीत घोटलेली दरज वरून बंद होते आणि मागे पिठूळ राहते. आठवडाभर ओलं गोणपाट. तापमान ५ अंशांखाली जाणार असेल तर काम नाही, आणि पहिल्या थंडीच्या लाटेआधी महिनाभर हा कार्यक्रम थांबवायचा. गॉगल लागतोच. चुना डोळ्यात गेला तर डोळा कायमचा जाऊ शकतो, म्हणून स्वच्छ पाण्याची बाटली हाताशी ठेवा.

४ मीटर उंची धरली तर बाहेरून सुमारे १३० चौरस मीटर होतात. चौरस मीटरला ४० किलो धरा: ५ टन मसाला, म्हणजे २५ किलोच्या पंचवीसेक गोण्या चुना आणि साडेतीन-चार टन वाळू. दोघं मिळून कोरणं-भरणं धरून दिवसाला ३-४ चौरस मीटर चांगले निघतात. म्हणजे नुसत्या बाहेरच्या बाजूला पस्तीस-चाळीस पूर्ण दिवस. दगड उचलताना लक्षात ठेवा, ३० बाय ३० बाय २० सेंटीमीटरचा धोंडा ४८ किलो भरतो. फळी आणि कप्पी वापरा. परांचीवर चढलेला एक असेल तर दुसऱ्याने खाली, पण बाजूला उभं राहायचं.

गोठ्याचा खास त्रास म्हणजे क्षार. गोमूत्रापासून तयार झालेले नायट्रेट खालच्या मीटरभर भिंतीत मुरलेले असतात आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतात. त्यामुळे उन्हाळ्यातही भिंत ओली दिसते आणि रंग-गिलावा सुटत राहतो. वरची २०-३० सेंटीमीटर शेणकट माती उपसून बाहेर टाका (मास्क लावून, ती धूळ फुफ्फुसाला वाईट). भिंतीवरचे पांढरे क्षार कोरडेच झाडा, धुतलेत की परत आत जातात. मग भिजवलेल्या कागदाच्या लगद्याचा २-३ सेंटीमीटर लेप लावायचा, पूर्ण वाळला की काढून फेकायचा, पुन्हा लावायचा. पहिलं वर्ष हा पट्टा उघडाच ठेवा असं माझं मत. नंतरही तिथे मऊ चुन्याचाच गिलावा द्या आणि तो काही वर्षांनी बदलायचा आहे हे धरून चाला.

फरशीखाली प्लास्टिक आणि वर काँक्रीट घातलंत तर जमिनीची ओल भिंतींकडे वळते. खाली २० सेंटीमीटर धुतलेली खडी, कापड, वर १० सेंटीमीटर चुन्याचं काँक्रीट, हे बरं. उष्णतारोधक आधी छपराला. भिंतींना आतून फोम चिकटवू नका, त्याच्या मागे दव धरतं आणि तुळयांची टोकं त्यातच असतात. चुना आणि हेंपच्या (भांगेच्या जातीच्या झाडाच्या) काड्यांचा ५-८ सेंटीमीटर थर ओल शोषतो आणि सोडतो. पण भिंत वाळल्यावर. वाळण्याचा अंदाज महिन्याला अडीच सेंटीमीटर, म्हणजे दोन्ही बाजू उघड्या असतानाही तुमच्या भिंतीला वर्ष लागेल.

नवीन खिडक्या पाडणं, बाहेर झुकलेली भिंत आणि कैचीचा हिशेब, या तीन गोष्टींसाठी जुन्या दगडी बांधकामाची माहिती असलेला स्ट्रक्चरल इंजिनीअर एकदा तरी जागेवर आणा. गोठ्याचं घर करायला परवानगी लागते का आणि छपरात वटवाघळं आहेत का, हेही पाट्यांना हात लावण्याआधी बघा. बऱ्याच देशांत ती संरक्षित आहेत आणि विणीच्या काळात छपराचं काम थांबवावं लागतं. या पहिल्या हंगामात मी तुमच्या जागी फक्त गळक्या पाट्या, ताडपत्री, टेकू, चर आणि चिरांवरचे पट्टे एवढंच केलं असतं.