तुमचं विचारणं, आमचं सांगणं

प्रश्न: बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात आमचं महिला मंडळ आहे. एका विद्यापीठाची पोरं एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) सात दिवसांच्या कॅम्पला येतात, त्यांचं जेवणखाण आम्ही बघतो, सर्व्हेला आमच्या बायका घरोघरी सोबत फिरतात, आणि शेवटी मिळतं काय तर शाल-नारळ, रिपोर्टात नावच नाही. काय मागावं?

उत्तर: ताई, शाल राहू दे, कागद मागा! कॉलेज-विद्यापीठांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या सात निकषांत तिसऱ्यात विस्तारकार्य, म्हणजे बाहेर लोकांत जाऊन केलेलं काम, आणि करार बघतात, म्हणजे तुमच्या चुलीवरच्या भाकरीचे मार्क त्यांना मिळतात, मग नाव द्यायला कसली अडचण? आधी सामंजस्य करार करा, कोण काय करणार, जेवणाचा खर्च कुणाचा, सगळं त्यात लिहून घ्या, कन्नड प्रतीसोबत मराठीही मागा, सही करणाऱ्या बाईला वाचता यायला नको का. कॅम्प संपला की लेटरहेडवर मंडळाच्या नावाचं पत्र, तारीख आणि कामासकट. पुढं बँकेत, पंचायतीत, समाजकामाला पैसे देणाऱ्या कंपन्यांच्या सीएसआरवाल्यांकडं तेच चालतं. केंद्र सरकारच्या २०१४ च्या उन्नत भारत अभियानात कॉलेज-विद्यापीठांसारख्या संस्था निदान पाच गावं दत्तक घेतात, त्यात तुमचं गाव आहे का तेही एकदा विचारा. आणि सत्कार करायचाच असेल तर गावात करा म्हणावं, त्यांच्या हॉलमध्ये मागच्या रांगेत बसवून नको.