प्लॅटिनम असूनही साधीच खोली का मिळते? अपग्रेडचा क्रम नेमका कसा लागतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मिहानमधल्या कामासाठी दर महिन्याला पुण्याहून नागपूरला येता, सोमवार ते गुरुवार तीन रात्री राहता, हॉटेल साखळीचं सभासदत्व प्लॅटिनम आहे, तरी बहुतेक वेळा बुक केलेलीच खोली मिळते. आणि मागच्या खेपेला तुमच्या शेजारी उभ्या असलेल्या गोल्डवाल्याला, म्हणजे खालच्या पायरीच्या सभासदाला, सुइटची चावी मिळाली. मग प्लॅटिनमचा क्रम आधी लागतो, हे खोटं का?

खोटं नाही. पण तो क्रम काउंटरवर लागत नाही, आणि हॉटेलातल्या सगळ्या रिकाम्या खोल्यांवरही लागत नाही. ज्या खोल्या आता पैसे देऊन कोणी घेणार नाही असं हॉटेलनं धरलं आहे, तेवढ्याच खोल्यांवर तो लागतो. आणि हे काम बहुतेक आदल्या संध्याकाळी किंवा त्याच दिवशी सकाळी उरकलेलं असतं. फ्रंट ऑफिसमध्ये त्याला ब्लॉकिंग म्हणतात: दुसऱ्या दिवशी येणाऱ्या पाहुण्यांची यादी (अरायव्हल लिस्ट) काढायची आणि एकेका नावापुढे खोली क्रमांक टाकायचा.

एका हिशेबानं सांगतो, म्हणजे गोल्डवाल्याचं कोडं सुटेल. समजा हॉटेल १२० खोल्यांचं आहे, खालच्या वर्गापासून वर: ७० डिलक्स, ३० प्रीमियम, १४ क्लब आणि ६ सुइट. सोमवारसाठी डिलक्सची ७८ बुकिंग घेतलेली आहेत. ही चूक नव्हे. काही जण रद्द करतात, काही येतच नाहीत, म्हणून स्वस्त वर्ग मुद्दाम थोडा जास्त विकतात. तिघे गळाले, तर उरले ७५. म्हणजे पाच जणांना वर ढकलावंच लागणार. प्रीमियमची बुकिंग २२ आहेत, आठ खोल्या मोकळ्या आहेत, पाच जण तिथे बसतात. हे पाच कोण, हे ठरवताना सभासदांची यादी वरून खाली वाचतात. बरेच प्लॅटिनमवाले इथेच ‘वापरले’ जातात: डिलक्सऐवजी प्रीमियम मिळते, आणि हॉटेलच्या नोंदीत अपग्रेड देऊन झालेलं असतं. सहाव्याऐवजी नवव्या मजल्यावर खोली मिळाली आणि पाहुण्याला फरक जाणवला नाही, तरी नोंदीत ते अपग्रेडच.

आता सुइट. सहापैकी एकाचा एसी दुरुस्तीत आहे. दोन पूर्ण पैशानं विकलेले आहेत. एक कुणी सभासदानं अपग्रेडचं कूपन लावून आधीच पक्का केलाय. एक लग्नघरानं नवरा-नवरीसाठी मागून ठेवलाय. उरला एक, आणि तोही मंगळवारपासून विकलेला. म्हणजे फक्त सोमवारची एक रात्र मोकळी. तुमचा मुक्काम तीन रात्रींचा. गोल्डवाला एका रात्रीसाठी आलेला.

जवळजवळ सगळ्या मोठ्या साखळ्यांच्या नियमांत असं कलम असतं की अपग्रेड पूर्ण मुक्कामासाठी उपलब्धतेनुसार. त्यातले ‘पूर्ण मुक्कामासाठी’ हे शब्द लोक वाचत नाहीत. एका रात्रीत जरी तो वर्ग भरला असेल, तरी तुमचं नाव त्या खोलीसाठी बाजूला पडतं. त्यामुळे एक रात्र राहणाऱ्या खालच्या पायरीच्या सभासदाला सुइट मिळणं आणि तीन रात्री राहणाऱ्या वरच्याला न मिळणं, यात नियम मोडलेला नसतो.

गोल्डवाल्याच्या हातात ती चावी येण्याची आणखी चार कारणं असू शकतात, आणि काउंटरवर उभं राहून ती दिसत नाहीत. त्यानं सुइट पैसे देऊनच बुक केलेला असेल. येण्याआधी आलेल्या ईमेलमधून हजार-दोन हजार रुपये जास्त भरून अपसेल घेतलेलं असेल. त्याची कंपनी त्या हॉटेलला वर्षभर शेकड्यांनी रात्री देत असेल आणि सेल्सच्या माणसानं त्याच्या नावापुढे व्हीआयपी कोड टाकला असेल. किंवा मागच्या मुक्कामात त्याची मोठी गैरसोय झाली होती आणि भरपाई म्हणून ड्युटी मॅनेजरनं आधीच नोंद करून ठेवली होती. यातलं काहीही सभासदत्वाच्या पायरीआधी लागतं.

सर्वसाधारणपणे खोल्या देण्याचा क्रम असा असतो: आधी पैशानं विकलेल्या वरच्या खोल्या, मग कूपननं पक्क्या झालेल्या, मग हॉटेलचे स्वतःचे व्हीआयपी आणि मोठ्या कंपन्यांचे साहेब लोक, मग सभासद वरच्या पायरीपासून खाली. एकाच पायरीवर पाच जण असतील तर त्यांच्यात कोण आधी, याचा छापील नियम सहसा नसतो. आयुष्यभराच्या रात्री जास्त असलेल्याला संगणक आपोआप पुढे घेतो, हा समज मी खूप ऐकतो. त्यावर विसंबू नका. तिथे माणूस ठरवतो. तो काय बघतो? मुक्काम किती रात्रींचा, पाहुणा वारंवार येणारा आहे का, किती वाजता येणार, किती माणसं आहेत (सुइटमध्ये जादा पलंग बसतो का), आणि बुक केलेला वर्ग कुठला. डिलक्सवरून थेट सुइट देण्यापेक्षा क्लबवरून सुइट आणि डिलक्सवरून क्लब अशी शिडी लावणं हॉटेलला सोपं जातं, कारण खालची खोली पुन्हा विकायला मोकळी होते.

पायऱ्यांचे आकडेही डोळ्यासमोर ठेवा. मॅरियट बॉनव्हॉय या मॅरियट साखळीच्या सभासद कार्यक्रमात सिल्व्हर वर्षाला १० रात्रींना, गोल्ड २५, प्लॅटिनम ५०, टायटेनियम ७५, आणि अँबॅसडरला १०० रात्रींबरोबर वर्षाला २३,००० डॉलरचा खर्च. सुइटचा उल्लेख प्लॅटिनमपासून सुरू होतो, तोही ‘निवडक सुइट’ असा. मॅरियटच्याच रिट्झ-कार्लटनमध्ये मात्र टायटेनियमपासून. गोल्डला थोडी बरी खोली, उदाहरणार्थ वरचा मजला किंवा कोपऱ्यातली. हयातमध्ये वरची पायरी ग्लोबलिस्ट, ६० रात्रींची, आणि तिथे स्टँडर्ड सुइटपर्यंतचं अपग्रेड चेक-इनच्या वेळी उपलब्धतेनुसार मिळतं. हिल्टननं गोल्ड आणि डायमंडसाठी अनेक हॉटेलांत आगमनाच्या ७२ तास आधीपासून आपोआप अपग्रेड देण्याची सोय केली आहे. तिथे काम बरंचसं संगणक करतो आणि काउंटरवर विनंती करायला कमी जागा उरते.

पक्कं अपग्रेड हवं असेल तर पायरीपेक्षा कूपन कामाचं. हयातचं सुइट अपग्रेड अवॉर्ड सगळ्यांत भक्कम: बुकिंगच्याच वेळी स्टँडर्ड सुइट मोकळा असेल तर सलग सात रात्रींपर्यंत तिथल्या तिथे पक्का होतो. मॅरियटचं नाइटली अपग्रेड अवॉर्ड (पूर्वीचं सुइट नाइट अवॉर्ड) तसं नाही. ५० रात्री झाल्यावर जे काही लाभ निवडायला देतात, त्यांत हे घेतलं तर पाच मिळतात. एका रात्रीला एक लागतं, आणि मुक्कामाच्या सगळ्या रात्रींना पुरतील एवढी हातात असावी लागतात. सुइट मोकळा आहे का, याची तपासणी आगमनाच्या पाच दिवस आधी सुरू होते आणि हॉटेलच्या घड्याळाप्रमाणे आदल्या दिवशी दुपारी दोनपर्यंत चालते. तोवर जमलं नाही तर अवॉर्ड खात्यात परत येतात आणि तुम्ही पुन्हा नेहमीच्या प्लॅटिनम रांगेत. म्हणून ती सोमवार ते गुरुवारच्या कामाच्या मुक्कामावर घालवू नका. नेमके त्याच दिवशी सुइट विकले जातात.

आता नागपूरचं. इथे अपग्रेड मिळणं हे बहुतांशी पंचांग आणि अधिवेशनावर ठरतं, हे बाहेरून येणाऱ्यांना कळायला वेळ लागतो. नागपूर करारामुळे (१९५३) विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन इथे भरतं. ते साधारण डिसेंबरात असतं आणि त्या आठवड्यांत चांगल्या हॉटेलांत सुइट तर सोडाच, साधी खोलीही मोकळी राहत नाही. त्या काळात काउंटरवर वाद घालू नका. सुइट आधीच वाटले गेलेले असतात. दसऱ्याच्या सुमाराला दीक्षाभूमीमुळे शहर भरतं. जामठ्याच्या स्टेडियमवर क्रिकेटचा सामना असेल तर खेळाडू, अधिकारी आणि प्रक्षेपणवाले मिळून मजलेच्या मजले घेतात. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू, आणि वऱ्हाडाला ४०-५० खोल्या एकदम जातात. त्यात वधू-वरांसाठी आणि व्याह्यांसाठी सुइट आधीच मागितलेले असतात.

उलट सगळ्यांत सैल काळ म्हणजे जुलै ते सप्टेंबर. चातुर्मासामुळे लग्नं नाहीत, आणि ताडोबा-पेंचचा कोअर भाग पावसाळ्यात बंद असल्यामुळे सफारीला जाता-येता एक रात्र थांबणारे पर्यटकही नाहीत. आठवड्यात रविवारची रात्र सगळ्यांत मोकळी. कामाचे लोक सोमवारी येतात, लग्नाचे रविवारी दुपारी खोल्या सोडतात. तुमचा सोमवार ते गुरुवार हा नेमका सगळ्या कंपन्यांचा आठवडा आहे. जमत असेल तर रविवारी संध्याकाळी येऊन बुधवारी निघा. रात्री तेवढ्याच, पण बुधवारची गर्दीची रात्र टळते आणि तिच्याऐवजी रविवारची मोकळी मिळते.

बुकिंगचं बघा. लाभ बहुधा त्याच बुकिंगला लागतात जे साखळीच्या ॲपवरून, वेबसाइटवरून किंवा कंपनीच्या ठरलेल्या दरानं थेट केलेलं असतं. ट्रॅव्हल पोर्टलवरून घेतलेल्या खोलीला पायरीचे लाभ द्यायला हॉटेल बांधील नसतं. तुमचं बुकिंग कंपनीचा ट्रॅव्हल डेस्क करत असेल तर इथेच घोळ होतो: सभासद क्रमांक टाकलाच जात नाही, किंवा डेस्क एजन्सीच्या घाऊक दरानं खोली घेतो. तपासायची रीत सोपी आहे. कन्फर्मेशन क्रमांक आला की साखळीच्या ॲपमध्ये आगामी मुक्कामात तो दिसतोय का बघा. दिसत नसेल तर त्याच दिवशी हॉटेलच्या रिझर्व्हेशनला फोन करून क्रमांक जोडायला सांगा आणि हा दर सभासद लाभांना पात्र आहे का, हे सरळ विचारा. चेक-इनला जोडलेला क्रमांक गुण मिळवून देईल, पण ब्लॉकिंग आदल्या दिवशीच झालेलं असल्यानं अपग्रेडची वेळ गेलेली असते. आणि सहकाऱ्यासाठी दुसरी खोली तुमच्या नावावर घेतलीत तर अपग्रेड तुम्ही राहता त्या एकाच खोलीला.

आदल्या दिवशी सकाळी दहा-अकराच्या सुमारास हॉटेलला चार ओळींचा ईमेल करा: कन्फर्मेशन क्रमांक, सभासद क्रमांक, किती वाजता पोचणार, आणि एकच मागणी. ‘वरचा मजला, लिफ्टपासून लांब, किंग बेड, सुइट, लवकर चेक-इन’ असं सगळं लिहिलंत की ब्लॉकिंग करणारा त्यातलं सगळ्यांत सोपं निवडतो आणि मागणी पुरी झाली असं धरतो. आणखी एक वाक्य फार उपयोगी पडतं: सुइट तीनपैकी दोनच रात्री मोकळा असेल तर मी खोली बदलायला तयार आहे. पूर्ण मुक्कामाच्या अटीमुळे बाजूला पडलेलं नाव या एका वाक्यानं पुन्हा यादीत येऊ शकतं.

पोचण्याची वेळ. पुण्याहून सकाळच्या विमानानं येऊन नऊ वाजता काउंटरवर गेलात तर वरच्या खोल्यांतले पाहुणे अजून नाश्ता करत असतात, चेक-आउट बाराला. त्या वेळी आधी सफाई होऊन तपासलेली जी खोली असेल तीच मिळते, आणि ती बहुधा खालच्या वर्गाची असते. सुइट साफ करायला हाउसकीपिंगला बराच जास्त वेळ लागतो, त्यामुळे तो उशिरा तयार होतो. सामान ठेवा, कामाला जा, चावी संध्याकाळी घ्या. मात्र फार उशीर होणार असेल तर वेळ कळवलेली असू द्या, नाहीतर रात्री बुकिंगशिवाय आयत्या वेळी आलेल्या पाहुण्याला ती खोली विकली जाते.

काउंटरवर जाण्याआधी ॲपमध्ये तुमच्याच तारखा टाकून बघा. सुइट तीनही रात्री विक्रीला दिसत असेल तर ‘मला ॲपवर हा वर्ग पूर्ण मुक्कामासाठी मोकळा दिसतोय, अपग्रेडमध्ये बघता का?’ एवढं म्हणा. नाही म्हणाले तर ड्युटी मॅनेजरना भेटा, आवाज न चढवता. विक्रीला दिसणं म्हणजे अपग्रेडला मोकळं असणं नव्हे, कारण उरलेला एक सुइट हॉटेल रात्रीपर्यंत विकण्याच्या आशेवर ठेवू शकतं. पण संध्याकाळी सात-आठनंतरही तीनही रात्री तो तसाच दिसत असेल, तर स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि कार्यक्रमाच्या ग्राहक सेवेला लिहा. सुइट न मिळाल्याबद्दल ठरलेली भरपाई नसते, पण तक्रार हॉटेलच्या व्यवस्थापनापर्यंत पोचते आणि पुढच्या अरायव्हल लिस्टमध्ये तुमच्या नावापुढे नोंद येते.

आणि काउंटरवर पैसे देऊन अपसेल घ्यायचं झालं, तर आधी जीएसटीचा हिशेब करा. रात्रीचा दर ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के, त्यावर गेला तर १८. तुमची खोली ७,००० ची असेल तर करासह ७,३५०. त्यावर ‘फक्त १,५०० जास्त’ म्हणून सुइट घेतलात की दर ८,५०० होतो आणि करासह १०,०३०. म्हणजे १,५०० चे प्रत्यक्षात २,६८० झाले, दर रात्रीला. फुकट मिळालेल्या अपग्रेडवर मात्र कर तुम्ही भरलेल्या दरावरच लागतो. बिलात वरच्या खोलीचा दर लावलेला दिसला तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या.