लंडन पिल्सनर मिळाली तरी घाई नको

अरे भावा, लंडन पिल्सनर बिअर दिसली की जुनी मुंबई आठवते मान्य, पण आधी बाटलीवरची तारीख बघ, लागर (ही त्याच प्रकारची बिअर) ताजीच चांगली. मी घोडबंदरला एका दुकानातून हिरवी बाटली घेतली, शोकेसमध्ये उन्हात ठेवलेली, उघडली तर जळक्या रबरासारखा वास! उजेडाने हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) बिघडतात, तपकिरी काच त्यातल्या त्यात बरी. आणि एकदम बर्फगार पिऊ नकोस, चवच कळत नाही. हेफेवायझनला, म्हणजे जर्मन गव्हाच्या बिअरला, केळं-लवंगेचा वास येतो ना, तो यीस्टचा असतो, मला वर्षभर वाटायचं केळं टाकतात 😄 क्राफ्ट बिअरच्या (छोट्या ब्रुअरीतल्या) बातम्या वाच, पण वाशीत बारमध्ये बसलास की सरळ विचार आज टॅपवर नवीन काय, आधी छोटं सॅम्पल माग. येताना ट्रान्स-हार्बर लोकलने ये, बाईक नको.